गोळीची सुट्टी

नवऱ्यापासून काडीमोड घेऊन तिला चार वर्षं झाली होती, तेव्हा एका दुपारी तिचे सासरे चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला ती काम करायची त्या दुकानात आले. ती काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकाकानांशी चष्म्याचं जमवून द्यायची. सासरे पुस्तकं बांधायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची बांधणीशाळा होती. सगळे त्यांना बाइंडर म्हणायचे. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

काडीमोडाच्या वेळी बाइंडरांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती. "मुलगा माझा आहे, पण चूक कुणाची ते तोलायला मी बसणार नाही," एवढंच ते म्हणाले होते. मुलगा पुढे दूरच्या देशात पंप बसवायच्या कामावर गेला. सासूबाई तर त्याआधीच वारल्या होत्या. मग वर्षातून दोन-तीनदा बाइंडर काहीतरी निमित्त काढून दुकानात येत. 'सूनबाई' म्हणणं आता बरं दिसत नाही आणि नावानं हाक मारली तर परकं वाटतं, म्हणून त्यांनी तिचं नाव 'चष्मेवाली' ठेवलं होतं.

त्या दुपारी तिनं दांडी घट्ट केली, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि सरळ बसलाय का ते बघायला त्यांच्या तोंडासमोर वाकली. तेव्हा तिला डोळ्यांचा पांढरा भाग दिसला.

"बाबा, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डोळे पिवळे झालेत तुमचे."

"मला माझे डोळे कसे दिसणार? बघायला तेच तर लागतात," बाइंडर म्हणाले. मग त्यांनी बाही वर केली. दंडावर खाजवल्याचे लाल ओरखडे होते. "खाज सुटते खूप. मला वाटलं, सरसाची नवी बरणी बाधली."

तिनं मालकाकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

पुढच्या महिनाभरात तपासण्यांमागून तपासण्या झाल्या. यकृताच्या आत, पित्त वाहून नेणाऱ्या नळीला गाठ धरली होती. नळीत एक बारीक जाळीदार नळकांडं घालून पित्ताला वाट करून दिली, तशी डोळ्यांची पिवळाई उतरली; पण गाठ काढण्यासारखी नव्हती. मोठ्या रुग्णालयात नाव घालताना खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "रुग्णाशी नातं?"

ती अडखळली. "सून होते."

"होते म्हणजे?"

"लिहा हो," बाइंडर मागून म्हणाले, "माजी सून आणि आजी मुलगी."

"आजी की मुलगी? एकच काय ते सांगा," कारकून म्हणाला.

त्या महिन्यात बाइंडर पहिल्यांदाच हसले ते तेव्हा. कारकुनानं शेवटी 'नातेवाईक' असं लिहून टाकलं.

सहा महिने शिरेतून औषध चाललं. बाइंडर अर्धे झाले आणि गाठ होती तेवढीच राहिली, वर थोडी वाढली. मग गाठीचा जो तुकडा आधी काढला होता त्याची आणखी एक तपासणी आली. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्या पन्नाशीच्या, बारीक चणीच्या होत्या आणि बोलताना टेबलावरचं पेन उगाच सरळ करायच्या.

"काका, तुमच्या गाठीच्या पेशींमध्ये दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले गेलेत. ते जोडले जायला नको होते."

"दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा, पानांचा अख्खा जुडगा, मध्येच शिवला गेला म्हणायचं," बाइंडर म्हणाले.

"तसंच. आणि त्या चुकीच्या जोडणीतून पेशीला सारखा हुकूम सुटतो, वाढ, वाढ. हा हुकूम बंद करणारी गोळी आहे. सगळ्यांना चालत नाही, ज्यांच्यात ही जोडणी आहे त्यांनाच चालते. तुमच्यात आहे."

"म्हणजे चुकीचंही काहीतरी कामाला आलं."

रोज एक गोळी, चौदा दिवस. मग सात दिवस सुट्टी. मग पुन्हा नवा खोका. त्या गोळीनं रक्तात फॉस्फेट वाढतं, म्हणून दूध, चीज आणि सुकामेवा बंद झाला आणि प्रत्येक जेवणाबरोबर ते फॉस्फेट बांधून बाहेर नेणारी आणखी एक गोळी आली. त्या गोळीला दवाखान्यात सगळे 'बाइंडर'च म्हणायचे. "जन्मभर बाइंडर म्हणवून घेतलं," ते तिला म्हणाले, "आता दिवसातून तीनदा स्वतःलाच गिळतोय."

दोन महिन्यांनी पोटाचा फोटो काढला तेव्हा गाठ जवळजवळ निम्मी झाली होती. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. बाइंडरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बराच वेळ त्या करड्या ठिपक्याकडे बघत राहिले. घरी परतताना ते बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. तिच्या हातातल्या पिशवीवर त्यांनी नुसता हात ठेवला आणि उतरेपर्यंत तसाच ठेवला.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. वजन भरलं. बांधणीशाळेचं दार पुन्हा उघडलं. तीही काम सुटल्यावर तिथे जायची. डोळे कोरडे पडायचे म्हणून ती त्यांना थेंब घालायची, पुठ्ठे उचलून द्यायची आणि स्टुलावर बसून चहा प्यायची. बाइंडरांच्या तोंडाची चव गेली होती. चहा कसा झालाय ते ते तिलाच विचारायचे.

पाचव्या महिन्यात नखं सुटायला लागली. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग नखाखालचं मांस दुखायला लागलं, मग उजव्या हाताची तीन नखं बोटापासून अर्धी उचलली गेली. इतर कुणाचं चालून गेलं असतं. बाइंडरांचं काम नखावर. कागदाची घडी नखानं बसवायची, मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ नखानं सरकवायची, चिकटलेलं पान नखाच्या टोकानं सोडवायचं. हाडाची पट्टी होती, चिमटा होता, पण चाळीस वर्षांची सवय बोटांना होती.

आणि नेमकं त्याच वेळी एक काम आलं. गावातल्या जुन्या सुईणबाई वारल्या होत्या. त्यांची मुलगी एका खोक्यात अकरा वह्या घेऊन आली. तीस वर्षांत सुईणबाईंच्या हातून जी जी मुलं जन्मली, त्यांची नोंद त्या वह्यांत होती. पानं सुटी झाली होती, कडा झिजल्या होत्या. लोक अजून आपली नोंद बघायला यायचे, म्हणून मुलीला त्या नीट बांधून हव्या होत्या.

"घाई नाही," मुलगी म्हणाली.

"तुम्हाला नसेल," बाइंडर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी प्रत्येक भेटीत विचारावं, "नखं कशी आहेत, हात दाखवा," आणि बाइंडरांनी बोटांना पट्ट्या गुंडाळून म्हणावं, "चालतंय." दुखतंय असं सांगितलं तर गोळीची मात्रा कमी करतील, आणि मात्रा कमी झाली की आयुष्य कमी होईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिनं एक-दोनदा डोळ्यांनी खुणावलं, तर त्यांनी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

एका शनिवारी ती बांधणीशाळेत आली तेव्हा बाइंडर शिवणीच्या चौकटीशी बसले होते. बोटांवर पट्ट्या नव्हत्या. दोरा घेत होते, ओढत होते, गाठ सरकवत होते, आणि तोंडानं हलकेच शीळ घालत होते. कितीतरी महिन्यांनी तिनं ती शीळ ऐकली. कपाटातून थेंबांची बाटली घ्यायला गेली तेव्हा तिला गोळ्यांचा नवा खोका दिसला. सोमवारी सुरू व्हायला हवा होता. वरची चिकटपट्टीही फाडलेली नव्हती.

तिनं खोका उचलून उलटसुलट करून बघितला.

"चष्मेवाली, इकडे ये," मागून बाइंडरांनी हाक मारली. "हे ऐक."

तिनं खोका होता तिथे ठेवला आणि गेली. बाइंडरांनी सातवी वही उघडली होती. सुईणबाई नुसती तारीख आणि वजन लिहून थांबायच्या नाहीत.

"'मुलगी. बारा तास छळलं, आणि आली ती जांभई देत.' ही आपली टपालवाली असणार, पत्रंही जांभया देतच वाटते. आणि हे बघ." त्यांनी पान तिच्याकडे वळवलं. "'मुलगा. रडला उशिरा. बाप दाराबाहेर उभा, त्याच्या हाताला सरस. मूल हातात देताना आधी हात धुवायला लावले.'"

ती नोंद त्यांच्या मुलाची होती, म्हणजे एके काळच्या तिच्या नवऱ्याची.

"रडला उशिरा," ती म्हणाली. "सगळंच उशिरा."

बाइंडर इतके हसले की त्यांना खोकला आला. तिनं पाणी दिलं. खोक्याबद्दल ती काहीही बोलली नाही. गुरुवारी रुग्णालयात गोळ्यांचा हिशेब देताना बाइंडर म्हणाले, "वेळच्या वेळी," आणि ती पिशवीतले कागद लावत राहिली. पुढच्या सुट्टीनंतरही तसंच झालं. सातऐवजी बारा दिवस. नखं थोडी धरली, आणि त्या दिवसांत आठवी आणि नववी वही शिवून झाली.

दहाव्या महिन्यातला फोटो वाईट निघाला. जुनी गाठ एका कडेनं वाढली होती आणि यकृताच्या दुसऱ्या भागात दोन नवे ठिपके दिसत होते.

"गोळीला आता ती दाद देत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळी गाठ नाही. काही पेशींनी, जिथे गोळी बसायची ती जागाच बदलून टाकली आहे. त्यांच्यावर गोळी बसत नाही, आणि हुकूम पुन्हा सुरू होतो. रक्त पाठवू. गाठीचे अगदी बारीक अंश रक्तात फिरत असतात, त्यावरून नेमका काय बदल झालाय ते कळेल. दोन आठवडे लागतील."

बाइंडर "बरं" म्हणाले.

ते दोन आठवडे बांधणीशाळेचं दार बंद राहिलं. ती रोज त्यांच्या घरी जायची. बाइंडर खुर्चीत बसलेले असायचे, समोर वर्तमानपत्र, पण पान उलटलेलं नसायचं. विचारलं तर उत्तर द्यायचे, न विचारता काही बोलायचे नाहीत. मुलाचा रविवारी फोन आला तर "सगळं ठीक" म्हणून त्यांनी तो तिच्या हातात दिला, आणि मुलाला खरं काय ते तिला सांगावं लागलं. त्यानं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मी काय करू सांग." ती म्हणाली, "रजा साठव."

तिचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुकानात एका बाईच्या चष्म्याला तिनं डाव्याची काच उजवीकडे बसवली. मालकानं विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, झोप झाली नाही. खरं म्हणजे तिच्या डोळ्यांसमोरून तो न फोडलेला खोका हलत नव्हता.

अहवालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद पुढे ठेवला. तीन वेगवेगळे बदल सापडले होते. त्या समजावून सांगायला लागल्या, तोच बाइंडर म्हणाले, "आधी मला एक सांगायचंय."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसायचा.

"मी गोळ्या चुकवल्या. दोनदा. सुट्टी संपल्यावर पाच-पाच दिवस घेतल्याच नाहीत. बोटं दुखत होती आणि काम होतं. तुम्हाला खोटं सांगितलं. त्या दहा दिवसांत ती गाठ शहाणी झाली असणार. आपल्याच हातानं मी तिला शिकवलं."

डॉक्टरबाई काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

बाइंडरांनी मान वळवली. "काय ठाऊक होतं?"

"कपाटात खोका तसाच होता. शनिवारी बघितला मी. पुढच्या वेळचाही बघितला."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही शिवत होता," ती म्हणाली. "शीळ घालत होता." आणि मग तिला रडू आवरेना. सुरुवातीपासून आजवर त्या खोलीत ती एकदाही रडली नव्हती.

डॉक्टरबाईंनी पेन सरळ केलं, मग ते उचलून बाजूलाच ठेवलं.

"काका, ही गोळी आम्ही स्वतःच दर तिसरा आठवडा बंद ठेवतो. नखं दुखतात म्हणून मी कितीतरी जणांची दोन-दोन आठवडे थांबवली आहे. तुम्ही सांगितलं असतं तर तुमचीही थांबवली असती, मलमही दिलं असतं. न सांगितल्याबद्दल मी रागावलेय, ते रागावणं तेवढं घ्या. पण ही गाठ तुम्ही शिकवलेली नाही."

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर डॉक्टर काहीच सांगत नाहीत. पण ज्यांनी एक गोळी चुकवली नाही, घड्याळ लावून घेतली, त्यांच्यातही हे असंच होतं. कुणाचं सहा महिन्यांत, कुणाचं वर्षात. गाठीत कोट्यवधी पेशी. त्यांतल्या मूठभर आधीच थोड्या वेगळ्या असतात, नाहीतर वाढता वाढता वेगळ्या होतात. गोळीनं बाकीच्या मारल्या की त्यांना रान मोकळं मिळतं. गोळी चालली म्हणून त्या उरल्या. तुमच्या दहा दिवसांनी हे घडलं असं मला वाटत नाही, आणि मी हे तुमचं मन राखायला सांगत नाहीये. मन राखायचं असतं तर वेगळी बातमी दिली असती."

"कोणती?"

"आता देतेच." त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. "दुसरी एक गोळी आहे. पहिली येऊन बसते आणि सुटते. ही एकदा बसली की चिकटून राहते, जागा थोडी बदलली असली तरी. तुमच्या तीन बदलांपैकी दोहोंवर ती चालावी. तिसऱ्यावर कमी चालते. म्हणजे किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. आणि नखांचा त्रास हीही देईल. या वेळी मला सांगायचं."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोरून एक कर्मचारी चादरींची गाडी ढकलत गेला. एक चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे आपण दोघंही चोर निघालो," बाइंडर म्हणाले.

"हो."

"आणि चोरी झालेलीच नाही."

तिनं नाक पुसलं. "मी सांगायला हवं होतं, बाबा."

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. मग त्या दोन वह्या माझ्या हातून झाल्या नसत्या." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "दोन आठवडे तू हे एकटीच उरावर घेऊन हिंडत होतीस?"

"तुम्ही पण."

"मी म्हातारा आहे, मला सवय आहे. तू असं करत जाऊ नकोस."

नवी गोळी चालली. पहिल्यासारखी झपाट्यानं नाही, पण नवे ठिपके थांबले आणि जुनी गाठ थोडी मागे हटली. या खेपेला बाइंडर डॉक्टरबाईंना सगळं सांगायचे, नको तेवढं सांगायचे. डाव्या पायाच्या करंगळीचं नख, परवाच्या जेवणाची चव, पोटातली गुरगुर. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "काका, आधीचेच बरे होता." मात्रा एकदा कमीही केली, आणि त्यानं आभाळ कोसळलं नाही. दहावी वही आणि अकरावी वही तिनं शिवली. बाइंडर शेजारी बसून सांगायचे आणि ती चुकली की हाडाची पट्टी टेबलावर वाजवायचे. तिची शिवण थोडी सैल झाली. सुईणबाईंच्या मुलीला फरक कळला नाही. बाइंडरांना कळला, आणि त्यांनी ती उसवायला लावली नाही.

चौथ्या महिन्यात मुलगा आला, तीन आठवड्यांची रजा घेऊन. ती फाइल घेऊन घरी गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला सगळं समजावलं. कोणती गोळी कधी, रक्त कधी, ताप आला तर कुणाला फोन. तो मुकाट्यानं लिहून घेत होता. लिहिणं संपल्यावर म्हणाला, "तू हे का करतेस?"

तिनं विचार केला. "तुझे वडील आहेत म्हणून नाही. तू गेल्यावरही ते माझ्या दुकानात येत राहिले म्हणून."

"मी असायला हवं होतं."

"आता आहेस. उद्या रक्त द्यायला तू घेऊन जा. आणि खिडकीतला कारकून नातं विचारेल, त्याला नीट सांग. तो जरा गोंधळतो."

पलीकडच्या खोलीतून बाइंडरांचा आवाज आला, "मी मेलेलो नाही अजून, मला सगळं ऐकू येतं." मुलगा हसला आणि मग त्याला हसू थांबवता येईना. तिलाही. एका टेबलाशी बसून दोघं असं हसल्याला किती वर्षं झाली, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

आठ महिने मिळाले. मग तिसऱ्या बदलानं डोकं वर काढलं. डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आता त्यांच्या हातात चालेल अशी गोळी नाही. दूरच्या एका शहरात नव्या औषधाची चाचणी सुरू होती, पण तिथे जाऊन महिनोन्‌महिने राहावं लागलं असतं.

"नको," बाइंडर म्हणाले. "घर बरं."

"मग एक विचारते. नाही म्हणालात तरी चालेल. गाठीचा एक तुकडा पुन्हा घेऊ द्याल का? सुई घालावी लागेल, दुखेल. तुम्हाला त्याचा काही फायदा नाही. पण गाठ कोणत्या वाटेनं निसटली ते आम्हाला कळेल. असे तुकडे फार थोडे मिळतात. या टप्प्यावर कुणी देत नाही."

बाइंडरांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही. ठरवायचं त्यांनीच होतं.

"घ्या," ते म्हणाले. "पहिली गोळी आली तीही कुणाच्या तरी तुकड्यावरूनच आली असेल ना."

"बऱ्याच जणांच्या."

"मग झालं."

सुई घालताना ती बाहेर होती. आत त्यांनी 'आई गं' म्हटलेलं तिला ऐकू आलं, आणि पाठोपाठ परिचारिकेला काहीतरी सांगितलेलं, ज्यावर परिचारिका हसली.

गोळ्या बंद झाल्यावर बाइंडर थोडे दिवस तरतरीत दिसले. एका सकाळी म्हणाले, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. कोपऱ्यापर्यंत झेपलं, पण परत येताना समोर रस्त्याच्या मधोमध कामगार पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढत होते आणि ओलांडायची जागा दोरी लावून बंद केली होती. एका अनोळखी घराच्या पायरीवर दोघं टेकली. घरातल्या बाईनं बाइंडरांकडे एकदा बघितलं आणि न बोलता उशी आणून दिली. बाइंडर पट्टे बघत बसले. एक जण सुतळी ताणून धरायचा, दुसरा तिच्या कडेनं रोलर फिरवायचा.

"हात चांगला आहे त्याचा," बाइंडर म्हणाले. मग मोठ्यानं विचारलं, "किती वेळ लागेल हो वाळायला?"

"अर्धा तास, काका," रोलरवाला म्हणाला. "पाय देऊ नका आत्ता."

"नाही देत. आहे आमच्याकडे अर्धा तास."

ऊन छान होतं. तिच्या खांद्याला डोकं टेकून त्यांना डुलकी लागली. रंग वाळला, दोरी सुटली, लोक ये-जा करायला लागले, तरी तिनं त्यांना उठवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मुलगा आला तो राहायलाच आला. त्यानंतर वीस दिवसांनी, सकाळी आठच्या सुमाराला, बाइंडर गेले. मुलगा पायाशी होता, ती उशाशी होती. दुखू नये एवढं औषध डॉक्टरबाईंनी दिलं होतं आणि ते पुरलं.

मुलगा सगळं आवरून परत गेला. रविवारचे फोन चालू राहिले. आता तो तिला करायचा. फार काही नसायचं त्यात. हवा कशी आहे, दुकानात काय चाललंय.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तिला दुकानात फोन केला. त्या शेवटच्या तुकड्याचा अहवाल आला होता. त्या तिसऱ्या बदलाशिवाय गाठीनं आणखी एक वाट काढली होती, गोळी जिथे बसते ती जागाच टाळून जाणारी, बाजूची वाट. अशी वाट त्यांच्याकडच्या आणखी दोन रुग्णांमध्ये दिसली होती, पण खात्री नव्हती. बाइंडरांच्या तुकड्यामुळे ती झाली. आता तिघांचं मिळून अभ्यासात जाईल. "यातून औषध निघेलच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निघालं तरी वर्षं लागतील. पण तुम्हाला कळवायचं होतं."

तिनं आभार मानले. मग रविवारची वाट न बघता मुलाला फोन लावला. तो कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता. ती सांगायला लागली, तिसरा बदल, बाजूची वाट, आणखी दोघं जण.

"थांब," तो म्हणाला. आवाज मागे पडला. तो बाहेर आला असावा. "आता सावकाश सांग. मी लिहून घेतो."

तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.